चेहऱ्यांकडे जाणारी वाट

नोकरीत असताना मला माझ्या नजरेचा फार तोरा होता. एसटीत कंडक्टर होते मी. न्हावरा, इनामगाव, काष्टी करत जाणारी शिरूर-दौंड ही माझी ठरलेली गाडी. शिरूरच्या स्टँडवर गाडी भरली की एकदा पुढून मागे जाऊन तिकिटं द्यायची, की झालं. मग वाटेत कुठंही कितीही माणसं चढोत, "कोण राहिलंय?" असं ओरडायची वेळ माझ्यावर कधी आली नाही. नवा चेहरा गर्दीतून आपोआप वेगळा दिसायचा. कुणाच्या तरी खांद्याआड तोंड लपवून उभा राहिलेला कॉलेजचा पोरगाही सुटायचा नाही. डेपोतले लोक म्हणायचे, बाईच्या कपाळात कॅमेरा बसवलाय. मी वरवर हसायचे आणि आतून फुगायचे.

यात माझं कर्तृत्व काहीच नव्हतं. चेहरा दिसला की माणूस कळायचा, पाणी प्यायलं की तहान भागावी तसा. डोळे चांगले आहेत म्हणून कळतो, अशी माझी समजूत होती. डोळे अजूनही चांगले आहेत.

निवृत्त झाल्यावर मी दौंडलाच राहिले. नवरा लग्नानंतर थोड्याच वर्षांत गेला, मूलबाळ झालं नाही. स्टेशनच्या बाजूला एका मुसलमान कुटुंबाच्या घरात खालच्या दोन खोल्या मी भाड्याने घेतल्या आहेत. वर घरमालकीण राहते, माझ्याच वयाची. ती मला ताई म्हणते, मी तिला भाभी म्हणते. एकटीचं बरं चाललं होतं.

एका सकाळी मेथी निवडत बसले होते. डोक्याच्या मागच्या बाजूला ठणका लागला आणि डावीकडचा वरचा कोपरा दिसेनासा झाला. भिंतीवरचं घड्याळ गेलं, कॅलेंडर गेलं. हातातली मेथी राखेसारखी दिसायला लागली. मला वाटलं उन्हाने झालं असेल. भाभीने आरडाओरडा करून रिक्षा आणली, तिथून पुण्याच्या दवाखान्यात. मेंदूत एका ठिकाणी रक्त पोचलं नाही, असं निदान झालं. हातपाय शाबूत, वाचा शाबूत. जो तो म्हणाला, थोडक्यात निभावलं. मीही म्हणाले.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी एक बाई खाटेपाशी येऊन उभी राहिली. मला ती नर्स वाटली, म्हणून मी तिला पाणी मागितलं. तिने मुकाट्याने पाणी दिलं. मग ती म्हणाली, "ताई, असं परक्यासारखं काय बघताय माझ्याकडं?" तिचा आवाज कानावर पडला आणि त्या क्षणी समोर भाभी आली. आधी नव्हती, आता आहे. मी इतकी घाबरले की पेला पांघरुणावर सांडला.

डॉक्टर तरुण होते, पण समजावून सांगण्याचा कंटाळा नसलेले. त्यांनी माझ्या डोक्याच्या फोटोवर पेन्सिलने दाखवलं. डोळ्यांतून निघालेलं चित्र सरळ डोक्याच्या मागच्या टोकाला जातं. दिसायची खरी सुरुवात तिथं होते. तिथून पुढं दोन वाटा फुटतात. एक वर जाते. वस्तू कुठं आहे, किती लांब आहे, हात कसा न्यायचा, ते ती सांगते. दुसरी खालून, कानाच्या अंगाने पुढं जाते. वस्तू काय आहे, ते ती सांगते. या खालच्या वाटेवर उजव्या बाजूला एक लहानशी जागा आहे, तिचं मुख्य काम माणसांचे चेहरे ओळखणं. नाक, डोळे, ओठ, हनुवटी यांची बेरीज करून हा अमुक माणूस असं ती जागा सांगते. माझी तीच जागा गेली होती. रंग फिके झाले, तेही तिच्याच शेजारचं नुकसान.

मी म्हणाले, म्हणजे गाडी फाट्यापर्यंत येते, पुढं वस्तीला जात नाही. डॉक्टर हसले आणि म्हणाले, अगदी तसंच. आवाज कानाच्या वाटेने येतो, ती वाट चालू आहे, म्हणून बोललं की तुम्हाला माणूस कळतो. रस्ता दुरुस्त होईल का, असं मी विचारलं. त्यांनी चष्मा पुसला. थोडंफार सुधारतं कधीकधी, म्हणाले. कंडक्टरला असलं उत्तर बरोबर समजतं. गाडी येणार का, असं प्रवासी विचारतात तेव्हा आम्हीही असंच बोलतो.

लोकांना वाटतं मला चेहरे धूसर दिसतात. तसं नाही. नाक स्वच्छ दिसतं, भुवई दिसते, दाढीतला पांढरा केस दिसतो. माणूस दिसत नाही. एकदा कापड दुकानात समोरून एक बाई आली, मी तिला वाट द्यायला बाजूला झाले, तर तीही त्याच बाजूला झाली. मी वैतागून म्हणाले, जा ना बाई. दुकानदार माझ्याकडं बघायला लागला, तेव्हा कळलं की भिंतीला आरसा आहे. स्वप्नात मात्र माणसं येतात आणि मला कळतात. त्यांना चेहरे नसतात, तरी कळतात. म्हणून हल्ली मला झोप आवडते.

आपल्याकडे माणूस भेटला की नाव सांगत नाही. समोर येऊन उभा राहतो आणि विचारतो, "वळाखलं का?" सांगून टाकलं तर त्याची मजा गेली. तुम्ही ओळखावं, हा त्याचा हक्क असतो, आणि ओळखलं नाही तर त्याचा अपमान. मी तर चालती बोलती कंडक्टर बाई, अर्ध्या तालुक्याला माहीत. बाजारात पाच पावलं टाकली की कुणीतरी आडवं येऊन हसत उभं. पूर्वी मी घराण्यासकट ओळखायचे. आता मी म्हणायचे, अरे वा, कसं काय, घरी सगळे बरे? आणि आवाजावरून काही धागा सापडतो का ते बघत राहायचे. बोलणारे सापडायचे. नुसते हसून पुढं जाणारे सापडायचे नाहीत, आणि गावाला जाऊन सांगायचे की पेन्शन सुरू झाल्यापासून बाईला गर्व चढलाय. मी बाजारात जायचंच कमी केलं. भाजी दारावर यायला लागली.

मला सख्खं असं एकच माणूस, माझी थोरली बहीण. अक्का. ती इनामगावला दिलेली. घोड नदीच्या काठाला त्यांची शेती. आई लवकर गेल्यावर माझी वेणीफणी तिनेच केली. माझा नवरा गेला तेव्हा बांगड्या फोडायला बायका पुढं झाल्या, तर अक्काने माझे दोन्ही हात स्वतःच्या हातांत धरून ठेवले आणि त्यांना ठणकावलं, हिला कामावर जायचंय, कुणी हात लावायचा न्हाई. त्या हातांनीच मी पुढं तिकिटं फाडली. माझी गाडी तिच्या गावावरून जायची तेव्हा ती कधीमधी थांब्यावर उभी असायची. वळणावरूनच, नुसत्या उभं राहण्यावरून, मला ती दिसायची.

आजारानंतर अक्का भेटायला आली की मला अडचण पडत नसे. ती दारातूनच हाक मारत आत यायची. कपाळावर रुपयाएवढं कुंकू, कोपरापर्यंत हिरवा चुडा, तो सारखा वाजायचा, नाकात चमकी. माझ्यासाठी अक्का म्हणजे तेवढं झालं होतं, आणि तेवढ्यावर भागत होतं. मी तिला आजार समजावून सांगितला होता. पण तिच्या बाबतीत तो कधी दिसलाच नाही, त्यामुळं तिला पटला नाही. हिला जुनं सगळं आठवतं, हिशेब चुकत नाही, पेपर वाचते, मग तोंडंच तेवढी कशी ओळखू येत नाहीत? नको त्या माणसांना टाळायला बरं निमित्त आहे, असं ती हसत म्हणायची. मीही हसण्यावारी न्यायचे.

मग तिचे मालक गेले. फोन आला आणि मी मिळेल त्या गाडीने निघाले, तरी पोचायला उशीर झाला. मयत नेऊन झाली होती. मधल्या घरात बायका बसल्या होत्या, सगळ्यांनी पदर कपाळाखाली ओढलेले. तिकडची रीत अशी की गेल्या गेल्या कुणी काही बोलायचं नाही. आलेल्या बाईने सरळ जाऊन दुःख झालेल्या बाईच्या गळ्यात पडायचं आणि दोघींनी रडायचं. बोलणं नंतर.

मी उंबऱ्यात उभी राहून कुंकू शोधलं. कुंकू पुसलेलं होतं. चुडा शोधला, चुडा फोडलेला होता. नाकातली चमकी काढलेली. म्हणजे मी जिला अक्का म्हणून ओळखत होते, ती अक्का बायकांनी सकाळीच उतरवून ठेवली होती. माझे हात धरायला ती होती. तिचे हात धरायला मी वेळेवर पोचले नाही. सगळ्यांच्या नजरा माझ्यावर. भिंतीशी एक बाई पुढं मागं डुलत बसली होती, शेजारणीने तिच्या पाठीवर हात ठेवला होता. मी पुढं झाले, तिच्या गळ्यात पडले आणि अक्का, अक्का करून रडले.

रडता रडता मला जाणवलं की घरात शांतता झालीये. ती बाई अवघडून बसली होती. ती अक्काची धाकटी जाऊ होती. बांधाच्या भांडणावरून या दोघींचं कित्येक वर्षं बोलणं नव्हतं. अक्का तिच्या पलीकडं, हातभर अंतरावर, माझी वाट बघत बसली होती. मी ओळखावं म्हणून तिने पदरही वर केला असेल, नसेल, मला काय कळणार. मी तिच्याकडं सरकले. तिने हात पुढं केले नाहीत. भिंतीकडं तोंड करून ती म्हणाली, "तुला बी आज तीच दिसली व्हय."

मी सांगायला तोंड उघडलं, पण ते घर मेंदूच्या वाटा सांगायची जागा नव्हतं. भाच्याच्या बायकोने मला दंडाला धरून मागच्या खोलीत नेलं. दशक्रियेला गेले, तेव्हा अक्काने माझ्याशी शब्द काढला नाही. नंतर फोन केले, तर भाचा उचलायचा आणि म्हणायचा, आई रानात गेलीये. रात्रीही रानातच असायची. मला राग आला. चारचौघींसमोर माझीही लाज गेली होती. पण राग फार दिवस टिकला नाही, आणि तो गेल्यावर घर फार मोठं वाटायला लागलं. सकाळी दूधवाला मोटरसायकलचा हॉर्न दोनदा वाजवायचा, म्हणून तो कळायचा. भाभी जिन्यावरूनच "मीच हाय, ताई" असं ओरडून खाली यायची. एवढी दोन माणसं माझ्या जगात उरली होती. बाकी सगळा दौंड अनोळखी लोकांनी भरलेला. अक्का तुटली तर माझं म्हणावं असं कुणीच नाही, हे मला स्वच्छ कळत होतं आणि काय करावं ते कळत नव्हतं.

थंडी संपत आली तेव्हाची गोष्ट. भाभीच्या माडीवरची मागची खोली रिकामी झाली होती आणि ती बघायला लोक यायचे. भाभी घरात नसली की ते माझं दार वाजवायचे. एका दुपारी मी आडवी होणार एवढ्यात दार वाजलं. बाहेर एक बाई उभी होती. फिक्या रंगाचं लुगडं, डोळ्यांवर जाड चष्मा, रिकामं कपाळ, बारीक अंग. मी विचारलं, कोण पाहिजे? ती काही बोलली नाही. खोली बघायला आलात का? तिने थांबून मान हलवली. मला वाटलं मुकी असेल, नाहीतर लाजाळू. मी तिला आत घेतलं, खुर्ची दिली, पेलाभर पाणी दिलं. भाभी येईलच एवढ्यात, असं सांगितलं.

ती माझ्याकडं बघत बसली. माणसं अशी टक लावून बघतात तेव्हा मला आता भीती वाटते, कारण ती ओळखीची असू शकतात. पण ओळखीचं माणूस असतं तर एव्हाना बोललं असतं. काहीतरी बोलायचं म्हणून मी खोलीची माहिती दिली. नळाला एक दिवसाआड पाणी येतं, उन्हाळ्यात पत्रा तापतो, मालकीण स्वभावाने चांगली आहे. मग विचारलं, एकट्याच राहणार का? तिने मान हलवली. मी म्हणाले, होते हळूहळू सवय. आणि जांभई दाबली. थोड्या वेळाने ती उठली, पेला मोरीत नेऊन विसळून पालथा घातला आणि गेली. चांगल्या घरची दिसते, एवढं माझ्या मनात आलं. मी दार लावून पडले.

डोळा लागतो न लागतो तोच जिन्यावरून भाभीची हाक आली. ती आत आली आणि कमरेवर हात ठेवून मला रागवायला लागली. गेटपाशी तुमची बहीण भेटली, म्हणाली, पदराला डोळे पुसत चालली होती. मी थांबवलं तर थांबली नाही. इतक्या लांबून आलेल्या माणसाला असं जाऊ देतात का, काय बोललात तुम्ही तिला?

 मोरीतला पालथा पेला दिसत होता. भाभी वर गेल्यावर बऱ्याच वेळाने मी धीर करून फोन लावला. या वेळी अक्काने स्वतः उचलला. मागे गाडीचा आवाज होता, म्हणजे ती एसटीत बसली होती. मी एवढंच विचारलं, अक्का, ती तू होतीस?

"मीच," ती म्हणाली. "मुद्दाम बोलले न्हाई. बघायचं हुतं, खरं का सोंग. तू एकटीच ऱ्हानार का म्हनालीस, तवा बी मला वाटलं, करती नाटक."  गाडी कुठंतरी थांबली, घंटी झाली, परत सुटली. "पर तू मला चहा न्हाई इचारलास गं. भांडन असतं तर तू चहा केला असतास. आदळआपट करत केला असतास, पर केला असतास. तवा पटलं मला, हिला मी दिसतच न्हाई."

पुढं आम्ही दोघी काय बोललो ते फारसं आठवत नाही. रडलो. बहुतेक गाडीतले लोक तिच्याकडं बघत असणार. उतरेपर्यंत तिने फोन ठेवला नाही.

बहीण परत मिळाली, आणि तरी माझ्या मनाला एक गोष्ट टोचत राहिली. पुढच्या खेपेला डॉक्टरांना मी ती विचारली. माझ्या डोळ्यांना नाही कळलं, समजू शकते. पण आतल्या कुठल्या तरी कोपऱ्याला कळलं असेल की नाही? ज्या हातांनी माझी वेणी घातली, ते समोर मांडीवर होते. डॉक्टर म्हणाले, काही रोग्यांमध्ये तसं दिसतं. चेहरा ओळखायची वाट बंद असते, पण आपलेपणाची भावना जागी करणारी वाट वेगळी आहे, ती थोडी चालू राहते. माणूस म्हणतो मी ओळखत नाही, आणि त्याच्या तळहाताला मात्र बारीक घाम येतो. तुमच्या बाबतीत तसं आहे का, ते तपासल्याशिवाय सांगता येणार नाही.

मी दौंडपर्यंत गाडीत बसून ती दुपार पुन्हा पुन्हा तपासली. शेवटच्या थांब्याला सगळे उतरल्यावर सीटांखाली वाकून बघायचे, तशी. छातीत काही हललं होतं का? हात ओला झाला होता का? आपल्याला हवं ते सापडतं, म्हणून मी स्वतःवर पाळत ठेवली. काही सापडलं नाही. ही बाई लवकर गेली तर बरं, एवढंच मला वाटत होतं. तेवढंच खरं होतं.

आता अक्का दर महिन्याला येते, राहते एखादा दिवस. गेटमधूनच बोलायला लागते. मी तिला एकदा सांगून बसले की तू गप्प झालीस की माझ्यासाठी नाहीशी होतेस. झालं. जन्मभर मोजकं बोलणारी माझी बहीण आता बडबडी झालीये. मोटर जळाली, कांदा सडला, सुनेने केस कापले, पाटसच्या कारखान्याची टोळी ऊस तोडायला आली नाही, नदीकाठी जुन्या मडक्यांचे तुकडे बघायला शहरातली पोरं आली होती. काहीच उरलं नाही की भिंतीवरच्या कॅलेंडरवरचे वार वाचते. तिचा घसा बसतो. मी म्हणते, अक्का, पुरे. ती म्हणते, "न्हाई, तू एकटी पडचील."

परवा दुपारी जेवण झाल्यावर ती माझ्या खाटेवर टेकून बोलत होती. भाच्याच्या बोअरचं काहीतरी सांगत होती. वाक्य अर्धं राहिलं आणि ती झोपली. सकाळी लवकर उठून निघालेली, वय झालेलं.

मी खुर्चीवर बसून बघत राहिले. खाटेवर एक म्हातारी बाई झोपली होती. नाकपुडीवर चमकीचं रिकामं भोक, गालावर उन्हाचे डाग, तोंड किंचित उघडं. सगळं दिसत होतं. घरात दुसरं कुणी आलं नाही, ही कुठं गेली नाही, म्हणजे ही अक्का आहे, असा मी हिशेब केला. हिशेब बरोबर होता. पण परक्या बाईकडं ती झोपलेली असताना असं बघू नये, म्हणून मला संकोच वाटत होता. हाक मारली असती तर ती लगेच बोलायला लागली असती. पण ती फार दमली होती. मी पंखा एक घर कमी केला आणि पुन्हा खुर्चीवर येऊन बसले. ती बाई समोर झोपली होती, आणि मला अक्काची फार आठवण येत होती.